वाणात मिळालेला शब्द

वत्सला, तू गेलीस त्या दुपारी नलिनी तुझ्याजवळ होती आणि मी नव्हते. तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुझ्या घरातली मोठी पातेली घासूनपुसून परत माळ्यावर चढली, तरी ही एक गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. लोक म्हणतात, "द्वारकाबाई, रडून घ्या, मोकळं वाटेल." अहो, रडतेच आहे मी. पण त्यातलं निम्मं रडू दुःखाचं असेल, तर निम्मं जळफळाटाचं आहे, आणि हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला? तू असतीस तर हसून म्हणाली असतीस, "द्वारके, मेलेल्या माणसावरून तरी भांडू नका गं."

भांडणारच. नलिनीशी नाही, तुझ्याशी. संक्रांतीला तू मला तो शब्द का दिलास, हे आपलं भांडण अर्धवट राहिलंय. इतकी वर्षं मी तुला टोचून टोचून विचारत होते आणि तू दर वेळी हसण्यावारी नेत होतीस. आता तुला हसता येणार नाही. तेव्हा मुकाट्याने ऐकून घे.

आठवतं ना, सुरुवात माझ्या फजितीनेच झाली होती? स्वातंत्र्य मिळून वर्ष व्हायचं होतं. कल्याण स्टेशनापलीकडच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं येऊन उतरली होती, साखर रेशनवर होती, आणि पारनाक्यामागच्या आपल्या आळीत तू नवीन बिऱ्हाड करून आली होतीस. तू मॅट्रिक झालेली, हे तुझ्या आधी येऊन पोचलं होतं. माझ्या थोरल्याला शाळेतून प्रगतिपुस्तक मिळालं आणि त्यावर मास्तरांनी इंग्रजीत एक भलामोठा शब्द लिहून दिला होता. मी मराठी चार इयत्ता शिकलेली. एवढा लांब शब्द म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असं धरून मी खोबऱ्याच्या वड्या केल्या, अर्ध्या आळीत वाटल्या आणि तुझ्याकडे वड्या आणि पुस्तक दोन्ही घेऊन आले.

तू वाचलंस. "इनअटेंटिव्ह," म्हणालीस.

"म्हणजे काय हो?"

"वडी छान झालीय. बसा ना."

"अहो, पण म्हणजे काय?"

"त्याचं लक्ष नसतं, असं लिहिलंय."

मी वड्यांच्या ताटलीकडे बघत राहिले. तू हसली नाहीस. त्या दिवशी तू हसली असतीस, तर मी पुन्हा तुझी पायरी चढले नसते. तू आणखी एक वडी उचललीस आणि म्हणालीस, "गंमत बघा, कप, बशी, पोस्ट, तिकीट, डॉक्टर, मास्तर, सगळी नामं आपल्याला येतात. पण ती कशी आहेत, ते काही आपल्याला सांगता येत नाही. तेवढं एक शिकून घेतलं पाहिजे."

तेवढंच शिकवलंस तू आम्हाला. आळीतल्या सहासात बायका दुपारी तुझ्या पुढच्या खोलीत चटईवर बसायच्या. आठवड्याला एक विशेषण. व्याकरण फार नाही, पाठांतर तर मुळीच नाही. शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा आणि मग आठवडाभर तो घरात वापरायचा. वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही, हे तुझं पालुपद. मग काय, आळीत धमाल उडाली. कुणाची आमटी 'टेस्टलेस' झाली, कुणाचा दीर 'स्टबर्न' निघाला. आमच्या सासूबाई आतल्या खोलीतून कान देऊन ऐकायच्या. त्यांनी स्वतःपुरता एकच शब्द उचलला, 'लेझी', आणि मी पाठ टेकायचा अवकाश, की तो ऐकू यायचा. भाजीवालीला तू अंबाडीच्या जुडीकडे बोट दाखवून "फ्रेश?" विचारलंस, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "असंल बाय तुजी फरेस. माजी ताजीच हाय, सकालीच तोरली मलयात." तू टाळी देऊन म्हणालीस, "बरोबर!" आणि भाव न करता जुडी घेतलीस. त्या जुडीवरून तुझ्या घरात रात्री काय बोलणं झालं, ते तू मला दुसऱ्या दिवशी सांगितलंस. मला एकटीला.

मला एकटीला, हे महत्त्वाचं आहे. वर्ग चार वाजता असायचा. सासवांची दुपारची झोप आणि देवापाशी दिवा लावायची वेळ यांच्या मधला तो तुकडा आपला. सगळ्या चारला म्हणून साडेचारपर्यंत रमतगमत येत. मी चारला यायचे. ठोक्याला. तुला वाटलं असेल, द्वारकाला शिकायची केवढी हौस. हौस कसली! त्यासाठी मी काय काय उरकत होते, तुला कल्पना नव्हती. संध्याकाळची कणीक दुपारीच तिंबून ओल्या फडक्याखाली ठेवायची. सासूबाईंचा चहा करून झाकायचा आणि त्या उठायच्या आत माजघरातून चपला हातात घेऊन निसटायचं. का? तर बाकीच्या येईपर्यंत तू माझी असायचीस. तू पोलक्याला बटणं लावत असायचीस, मी शेजारी बसून तुझ्या सुईत दोरा ओवायचे, आणि आपण बोलायचो. माहेरचं, नवऱ्यांचं, पोटात राहिलं नाही त्या मुलाचं. हे तू बाकी कुणाशी बोलली नाहीस. निदान माझी तशी समजूत होती.

तुझ्या घरी घड्याळ नव्हतं. आमच्याकडे होतं. हे रेल्वेत, कल्याणच्या कचेरीत कारकून. खिशातलं घड्याळ रोज स्टेशनच्या घड्याळाशी जुळवून यायचे, त्यावरून भिंतीवरचं लावायचे आणि ते मिनिटभर मागे पडलं तर घरात सुतक पडायचं. म्हणून तू गमतीने म्हणायचीस, "मला घड्याळ कशाला? द्वारका आली की चार." मी दारात दिसले की तू शिवण खाली ठेवून विचारायचीस, "चार वाजले का?" आणि मी म्हणायचे, "वाजले, आणि मी आलेय." हे रोजचं. रोज तेच विचारायचं आणि रोज तेच सांगायचं. आपल्याला त्याचा कंटाळा कसा आला नाही, कोण जाणे.

आणि मग नलिनी आली.

तिचा नवरा जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात साहेब. गिरगावात वाढलेली, मिशनच्या शाळेत शिकलेली. तिला इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त येत होतं, तुझ्यापेक्षाही. मग ती वर्गाला कशाला येत होती? "घरी बोअर होतं हो," म्हणाली पहिल्या दिवशी. बोअर! आम्हाला तो शब्दसुद्धा माहीत नव्हता. रोज उशिरा यायची. दारातूनच, "अय्या, सुरू केलंत? मला वाटलं, आज तुम्हीच उशीर करणार!" आणि सगळ्या हसायच्या. तूही. हातात बिस्किटांचा पुडा, अंगाला कसलंसं अत्तर, आणि येऊन बसायची ती नेमकी माझ्या आणि तुझ्या मध्ये. जागा नसायची, ती करून घ्यायची. मी सरकायचे. काय करणार, उभ्या माणसाला बस म्हणायची आपल्याकडे रीत.

थोड्या दिवसांनी तुझ्या हातात एक इंग्रजी मासिक दिसलं. नलिनीने दिलेलं. मग तू मला म्हणालीस, "द्वारके, नलिनी म्हणते की..." मला पुढचं ऐकूच आलं नाही. नलिनी म्हणते! इतके दिवस 'द्वारका म्हणते' असायचं.

तर ती संक्रांत. रेशनमुळे तिळगुळाचीच मारामार होती, वाणाचं तर बोलायलाच नको. त्या वर्षी तू जाहीर केलंस, "माझ्याकडे शब्दाचं वाण. प्रत्येकीला एक विशेषण, तिला शोभेल असं." सगळ्या खूश झाल्या. मीही. पण वत्सला, तू कितीही मॅट्रिक असलीस तरी तिथे चुकलीस. आपल्याकडे वाण सगळ्यांना सारखं असतं. फणी तर सगळ्यांना फणी, वाटी तर सगळ्यांना वाटी. आपल्या आज्या-पणज्या काही खुळ्या नव्हत्या. कुणी घरी जाऊन शेजारणीच्या ओटीत डोकावू नये, यासाठी ती रीत. आणि तू जिला-तिला वेगळं वाण द्यायला निघालीस.

तू हळदकुंकू लावायचीस, तिळगूळ हातावर ठेवायचीस आणि सगळ्यांदेखत शब्द सांगून तो का दिला, ते सांगायचीस. समोरच्या काकूंना 'जेनेरस'. काकूंनी अर्थ ऐकला आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांना त्यांच्या उभ्या जन्मात कुणी उदार म्हटलं नव्हतं. मग नलिनी. अर्थातच उशिरा आलेली, हिरवी रेशमी साडी, अंबाड्यावर गजरा. तू तिला अत्तर लावलंस आणि म्हणालीस, "चार्मिंग. नलिनी कितीही उशिरा येवो, तिच्यावर रागावताच येत नाही. ती आली की खोलीतल्या सगळ्याजणी जरा नीट बसतात." आणि खरंच सगळ्या नीट बसल्या. नलिनीने लाजून तुझ्या गळ्यात हात टाकला.

मग मी. माझं काळीज असं धडधडत होतं, की जणू लग्नाची मुलगी बघायला आलेत. मला वाटलं, आता माझा शब्द. इतके दिवस ओवलेले दोरे, इतक्या गुजगोष्टी. काहीतरी तू माझ्यासाठी राखून ठेवलं असशील.

"पंक्च्युअल," म्हणालीस तू. "द्वारका चारला येते."

बस्स. एवढंच. पुढे काही नाही. मी वाट बघितली, तर तू पुढचीच्या हातावर तिळगूळ ठेवायला वळलीस.

घरी आले तर सासूबाई वाटच बघत होत्या. "काय लुटलं गं वत्सलाने? फणी का वाटी?"

"शब्द."

"शब्द? तो ठेवायचा कुठे?"

आणि हे तर कपाळावर हात मारून हसले. "पंक्च्युअल? अगं, तो आमच्या साहेबाला नेऊन दे. गाड्या पंक्च्युअल नाहीत म्हणून रोज बोलणी खातोय बिचारा." मग म्हणाले, "वाईट काय आहे त्यात? चांगला शब्द आहे. वेळेवर येणारी."

वेळेवर तर नळाचं पाणीसुद्धा येतं! दूधवाला येतो, पोस्टमन येतो. एकीला मोहिनी घालणारी म्हणायचं आणि दुसरीला वेळेवर येणारी? मी चूल फुंकत बसले आणि मला इतकं रडू आलं, की धूर आहे म्हणून बरं झालं, असं वाटलं.

दोन दिवस मी आले नाही. तिसऱ्या दिवशीही येणार नव्हते. पण चार वाजून अर्धा तास झाला तसं मला राहवेना. चपला हातात घेतल्या आणि आले. तू दारातच उभी होतीस. आत सगळ्या जमून बसल्या होत्या, नलिनीसुद्धा, त्या दिवशी म्हणे चुकून लवकर आली होती. पण वर्ग काही सुरू झालेला नव्हता. "आलीस?" म्हणालीस. "चार वाजले का?" मी म्हटलं, "ते मला काय विचारतेस, मी काय घड्याळ आहे?" तू आत वळलीस आणि वर्ग सुरू केलास.

नंतर सगळ्या गेल्यावर मी तुला सरळ म्हटलं, "मला माझं वाण बदलून दे. हा शब्द गाड्यांचा आहे. माणसाला लावायचाच तर शाळेतल्या पोराला लावावा."

"वाण बदलून मिळत नाही."

"मग निदान त्याचा नीट अर्थ तरी सांग. नलिनीचा किती घोळवून सांगितलास."

"अर्थ तुला माहितीय. वापर माहीत नाही अजून. मुरू दे की जरा. लोणचं घातल्या घातल्या खातं का कुणी?"

हे तुझं नेहमीचं. अडचणीत आलीस की स्वयंपाकघरात शिरायचीस.

पुढे एकदा 'पार्शल' शब्द शिकवलास. पक्षपाती. आठवतं, तू विचारलंस की हा कुणाला लावता येईल, आणि मी भर वर्गात म्हटलं, "तुला"? सगळ्या चपापल्या. नलिनीने माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मी देवळात चपला घालून गेले. आणि तू? तू खो-खो हसत सुटलीस. "वापर अगदी बरोबर," म्हणालीस. "शंभरपैकी शंभर मार्क." तुझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतीस. मला वाटलं होतं, तू रागावशील, मग मी रडेन, मग आपण नीट बोलू. तेही तू होऊ दिलं नाहीस.

तुझ्या यजमानांची बदली ठाण्याच्या कचेरीत झाली आणि वर्ग मोडला. सगळ्या हळहळल्या, आणि आठवड्याभरात आपापल्या चुलीपाशी रमल्या. मी मात्र हट्टाने दर गुरुवारी ठाण्याला येत राहिले. हे रेल्वेतले, त्यामुळे पासाचा प्रश्न नव्हता. घरचं सगळं उरकून, सासूबाईंची बोलणी खाऊन, तळ्याकाठच्या तुझ्या नव्या घरी चारला. आता तुझ्याकडे घड्याळ आलं होतं, चांगलं टोले देणारं, पण तू ते कधी लावून ठेवलंस तर शपथ. मी दारात दिसले की तेच, "चार वाजले का?" आणि मीही, इतकी वर्षं फुगलेली, तेच म्हणायचे, "वाजले, आणि मी आलेय."

नलिनीही यायची. कधी येईल त्याचा नेम नाही. सणाला येईल, नाहीतर एखाद्या मंगळवारी सकाळीच टपकेल. आणि ती येऊन गेली की मला पुढच्या गुरुवारी तुझ्या घरात तिच्या खुणा दिसायच्या. नवा टेबलक्लॉथ. कानातले. एकदा तर तू केसांचा भांग बदललेला. "नलिनी म्हणाली, शोभेल." शोभत होता गं. तेच तर दुखत होतं. मी कधी तुझ्या भांगाकडे बघितलंच नव्हतं. मी तुझ्या हाताकडे बघायचे, सुईत दोरा आहे की संपला.

मग तुझं दुखणं. त्याचं मी काही लिहीत नाही. तू आणि मी दोघींनी ते बघितलंय.

इस्पितळात भेटायची वेळ चारची. मला वाटलं, बघा, देवालासुद्धा आपली वेळ ठाऊक आहे. त्या शेवटच्या गुरुवारी मी तुझ्यासाठी आंबेमोहराची पेज केली, तूप-मीठ घालून फिरकीच्या तांब्यात भरली आणि निघाले. ठाण्याला लवकर पोचले. फाटक बंद. तिथला माणूस म्हणाला, "बाई, चारच्या आत कोणाला सोडायचा हुकूम नाय. बसा तिथं." मी झाडाखालच्या बाकावर बसले. तांब्या पदराखाली धरून, पेज गार होऊ नये म्हणून. मला वाद घालायचं सुचलं नाही. मी कधी कुठे वेळेआधी घुसलेली नाही.

आणि नलिनी आत होती. डॉक्टरीणबाईंशी तिची ओळख निघाली होती. तिची कुणाशी निघत नाही? एका शब्दावर तिला आत सोडलं. मी भिंतीच्या या बाजूला पेज सांभाळत बसले होते आणि भिंतीच्या त्या बाजूला तुझा हात तिच्या हातात होता.

फाटक उघडलं. मी जिना चढून वर आले तर ती व्हरांड्यात, भिंतीला टेकून. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं. पहिला विचार काय आला सांगू? हाही मान हिलाच मिळाला. तुझ्या मरणाच्या दुःखाआधी मला तिचा हेवा सुचला, वत्सला. मग मी आत आले, तुझ्या कपाळावर हात ठेवला, आणि मग मला काही सुचेनासंच झालं. पेजेचा तांब्या कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतला.

तेव्हापासून मी नलिनीशी बोलले नव्हते. बोलले असते, तर नको ते बोलले असते. तेराव्याला ती माझ्या शेजारी पंगतीत येऊन बसली. साधं सुती लुगडं, अत्तर नाही, गजरा नाही. तोंड सुजलेलं. पानातलं काही खाल्लं नाही तिने, नुसतं मिठाच्या कणांशी खेळत होती. मग एकदम हळूच म्हणाली, "द्वारका, तुला एक विचारू? चारला काय होतं गं?"

"कसलं चारला?"

"ती सारखी विचारत होती. चार वाजले का, चार वाजले का. मी म्हटलं, औषध असेल. नर्सला विचारलं, तर औषध संध्याकाळचं. मी म्हटलं, वत्सला, अगं, मी आहे ना इथे. तर माझा हात दाबला तिने, म्हणाली, तू आहेस गं, पण चार वाजले का बघ ना. मी बघितलं. म्हटलं, थोडं राहिलंय. म्हणाली, मग ठीक." नलिनीचा आवाज फुटला. "मला काही कळेना. मला वाटलं, बरळतेय. काय होतं गं चारला?"

माझ्या हातातला घास हातात राहिला.

मी तिला काय सांगितलं, माहितीय? "काही नाही," म्हटलं. "औषधच असेल." आणि तिच्या पानात तिला आवडते ती खीर वाढायला सांगितली.

सांगायला हवं होतं, असं म्हणशील तू. 'जेनेरस' हा शब्द काकूंना गेला, मला नाही. तिने तुझा हात धरला होता, त्या हाताची ऊब तुला शेवटपर्यंत होती, याबद्दल मी तिचे उपकार मानते. उद्या तिच्या पाठीवरून हातही फिरवीन. तू एकटी नव्हतीस, हे केवढं मोठं आहे, ते मला कळतं. मी बाहेर बाकावर आणि आत तू एकटी, असं झालं असतं, तर मी वेडी झाले असते. म्हणजे बघ, जिच्यावर इतकी वर्षं जळले, तिचेच पाय धरायची वेळ आणलीस माझ्यावर. पण चारला काय होतं, हे मी तिला सांगणार नाही. तिला तुला मासिक द्यायला मिळालं, तुझा भांग बदलायला मिळाला, गळ्यात हात टाकायला मिळाला, शेवटचा श्वास मिळाला. एवढं एक माझं मला राहू दे.

तू ओळखलं होतंस ना? मी चारला का यायचे, ते? सुरुवातीपासूनच? चटईवर बाकीच्या जमायच्या आत दोन घटका तुला पळवायला मी धडपडत यायचे, हे तुला दोरा ओवताना माझ्या चढलेल्या श्वासावरून कळत असणार. सगळ्यांदेखत ते तुला कसं सांगता आलं असतं? नलिनीचं घोळवून सांगितलंस, कारण ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं होतं. माझं एका वाक्यात आटोपलंस, आणि मी मूर्ख, दहा वर्षं वाक्य छोटं म्हणून रडले.

म्हणजे भांडण मिटलं का? मुळीच नाही. थोडं राहिलं होतं ना चार वाजायला? थांबायचं होतंस. इतकी वर्षं मी तुझ्यासाठी पळत आले, कणीक तिंबून, बोलणी खाऊन, आणि एक दिवस तुला जरा धीर धरवेना? 'मग ठीक,' म्हणालीस आणि निघालीस. हे काही मला पटलेलं नाही. हे मी भेटेन तेव्हा विचारणार आहे.

आज गुरुवार. सकाळीच कणीक तिंबून ठेवली, सवयीने. सासूबाई आता थकल्यात, त्यांना उठून बसवायला लागतं, त्या मघाशी म्हणाल्या, "आज जायचं नाही का गं ठाण्याला?" मग त्यांनाच आठवलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी लुगडं बदललं. केस विंचरले. चपला हातात घेऊन माजघरापर्यंत आले, आणि मग कुठे जायचं ते कळेना, म्हणून हे लिहायला बसले. ह्यांनी काल रात्रीच भिंतीवरचं घड्याळ स्टेशनच्या वेळेशी लावलंय, त्यामुळे त्यात चूक असणार नाही.

टोले पडताहेत. ऐकतेस ना?

चार वाजले गं, वत्सला. वाजले, आणि मी आलेय.